दगडफुलातलं रसायन कुणाचं: बुरशीचं, शैवालाचं की दोघांच्या संसाराचं?

बर्डीवाली
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सहा महिन्यांच्या प्रकल्पाचा विषय ठरवतेय आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीय. शैवाक, म्हणजे आपलं दगडफूल आणि त्याचे भाऊबंद, हे बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन. त्यातली ॲट्रानोरिन, लेकॅनोरिक आम्ल, उस्निक आम्ल वगैरे संयुगं बुरशी बनवते, असं प्रत्येक पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात चार पानं पुढे लिहिलेलं असतं की तीच बुरशी एकटी वाढवली तर ही संयुगं बहुधा मिळत नाहीत. मग शैवाल नेमकं करतं काय? नुसता किराणा भरतं की फोडणीतही हात घालतं?

नागपुरात बसून यावर काही करता येईल का? हाताशी टीएलसी (पातळ थरावर संयुगं वेगळी करायची पद्धत), यूव्ही कॅबिनेट, स्पेक्ट्रोफोटोमीटर, सूक्ष्मदर्शक आणि एक इन्क्युबेटर आहे. वीज जाते ती वेगळीच.

तर्रीबाज
काऊन बाप्पा, सावजीच्या मसाल्यात पडते तेच ना हे? त्यात दोघांचा संसार असते हे आज समजलं. आता मटन खाताना लाज वाटन.

कातळखुणा
@बर्डीवाली, आधी एक दुरुस्ती. 'दगडफूल' नावाने बाजारात जे मिळतं ती एक प्रजाती नसते. पार्मोट्रेमाच्या दोन-तीन जाती, एव्हर्निॲस्ट्रम, हेटेरोडर्मिया, मधूनच रामालिना आणि उस्नियाचे धागे, असा सगळा खिचडा असतो. प्रकल्पासाठी पुडीतला माल घेतलात तर पहिले दोन महिने निवडण्यातच जातील.

पण रसायनं ओळखायला शिकण्यासाठी हाच खिचडा उत्तम. डागचाचणी करा. ब्लेडने वरची राखाडी साल खरवडून आतला पांढरा गाभा उघडा, बारीक काचेच्या केशनळीने थेंब द्या आणि १० पट भिंगातून बघा. साल आणि गाभा यांची उत्तरं वेगळी असतात, तेव्हा दोन्हीकडे वेगवेगळे थेंब.

केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १० टक्के: ॲट्रानोरिन असेल तर साल पिवळी. गाभा आधी पिवळा आणि अर्ध्या मिनिटात रक्तासारखा लाल झाला तर सॅलॅझिनिक आम्ल. एव्हर्निॲस्ट्रममध्ये हेच दिसतं. ब्लीच: पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या गाभ्यावर थेंब पडताक्षणी लाल, म्हणजे लेकॅनोरिक आम्ल. हा लाल रंग काही सेकंदांत उडतो. पापणी लवली की गेलं, मग वहीत चुकून 'नकारात्मक' लिहिलं जातं. पार्मोट्रेमा परलॅटममध्ये ब्लीचला काहीच होत नाही, तिथे स्टिक्टिक आम्ल असतं आणि पीपीडीला (पॅरा-फेनिलीनडायअमाइन) नारिंगी येतं.

इतवारीचा_किराणा
खिचडा म्हणू नका हो, आम्ही 'मिक्स माल' म्हणतो 😄 हिमालयाकडचा माल येतो, दक्षिणेकडचाही येतो. मोठं, रुंद पान, वर राखाडी आणि खाली काळं, ते चांगलं समजतात. बारीक चुऱ्यात झाडाची साल आणि माती जास्त. घेताना मूठभर माल पांढऱ्या कागदावर आपटायचा आणि खाली काय पडतं ते बघायचं.

बर्डीवाली
@कातळखुणा सर, ब्लीच म्हणजे बाजारातलं चालेल का? आमच्याकडे लाल येतच नाहीये.

कातळखुणा
चालेल, पण साधं, बिनवासाचं, पातळ. जेलवालं किंवा साबण मिसळलेलं नको. नागपूरच्या उन्हाळ्यात सोडियम हायपोक्लोराइट फार लवकर मरतं. उघडलेली बाटली एप्रिलमध्ये कपाटात ठेवली तर काही आठवड्यांत तिचं पाणीच होतं. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा, आणि रोज काम सुरू करण्याआधी टिंक्टोरमच्या खात्रीच्या तुकड्यावर तपासा. तो लाल झाला नाही तर त्या दिवशीच्या सगळ्या ब्लीच चाचण्या रद्द. आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ ही बाटली कधीही न्यायची नाही, क्लोरीन वायू सुटतो.

पीपीडी अल्कोहोलमध्ये केलं तर त्याच दिवशी संपवावं लागतं. त्यापेक्षा श्टायनरचं द्रावण करा: पीपीडी १ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १० ग्रॅम, पाणी १०० मिली, भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-दहा थेंब. महिनाभर तरी टिकतं. हातमोजे घालाच. केसांच्या कलपामुळे ज्यांना पुरळ येतं त्यांना याच पदार्थामुळे येतं.

निवृत्त_मास्तर
या थेंबांच्या चाचण्या विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये सुरू केल्या. गंमत अशी की त्यानंतर वर्षभरातच, १८६७ मध्ये, सायमन श्वेंडेनर यांनी शैवाक म्हणजे दोन जिवांची जोडी असल्याचं मांडलं आणि नायलँडर त्याचे कडवे विरोधक ठरले. म्हणजे शैवाकाच्या रसायनाने जाती ओळखण्याची पद्धत ज्याने घालून दिली, त्यालाच त्यामागचं सहजीवन मान्य नव्हतं. पीपीडीची चाचणी नंतर जपानच्या आसाहिनांनी आणली.

पेट्रीडिश
मूळ प्रश्नाकडे येतो. 'बुरशी एकटी वाढवली तर मिळत नाही' हे अर्धसत्य आहे. कशी वाढवली, यावर सगळं आहे.

बुरशी वेगळी करायची नेहमीची रीत अशी: थॅलसवरची (शैवाकाच्या शरीरावरची) फळं, म्हणजे त्या बशीसारख्या चकत्या, स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास भिजवा, टिपकागदाने वरचं पाणी टिपा आणि व्हॅसलिनच्या ठिपक्याने पेट्रीडिशच्या झाकणाला आतून चिकटवा. झाकण वर, खाली २ टक्के साधं अगार. फळ हळूहळू सुकायला लागलं की बीजाणू उडून अगारवर पडतात. जिथे गटाने पडलेत आणि आजूबाजूला दुसरं काही नाही, तो अगारचा घनाकार तुकडा कापून माल्ट-यीस्ट अगारवर न्या: माल्ट अर्क २० ग्रॅम, यीस्ट अर्क २ ग्रॅम, अगार २० ग्रॅम, पाणी १ लिटर. तापमान १५ ते २० अंश.

फळं नसतील तर यामामोतो पद्धत. थॅलस धुऊन कुटायचा, ५०० आणि १५० मायक्रॉनच्या चाळण्यांतून गाळायचा आणि दोन्ही चाळण्यांच्या मधे अडकलेले तुकडे एकेक करून नळ्यांत टाकायचे. शंभर नळ्या भरल्या तर बऱ्याच नळ्यांत पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस निघणार, हे धरूनच चाला.

आता यातली मेख. अशी बुरशी ओल्या अगारवर सुखात बसते, तेव्हा ती मुख्यतः चरबी साठवते. डेप्साइडं (लेकॅनोरिक, ॲट्रानोरिनसारखी संयुगं) हवी असतील तर तिला हवेत वर आलेले तंतू फुटावे लागतात आणि अधूनमधून वाळावं लागतं. क्लॅडोनिया ग्रेयीवरचं १९९२ चं कल्बर्सन आणि अर्मालिओ यांचं काम नेमकं हेच सांगतं: शैवालाशिवाय, फक्त वाळवणीच्या जोरावर, बुरशीने ग्रेयानिक आम्ल बनवलं. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत उस्निया घाटेन्सिसवर संवर्धनाचं बरंच काम झालंय, तेही बघा.

सहा महिन्यांच्या प्रकल्पात हे करू नका. काही महिन्यांत काही मिलिमीटर वाढ, आणि मे महिन्यात चार तास वीज गेली की इन्क्युबेटर ४० वर.

तर्रीबाज
म्हणजे बुरशी सुखात असली की चरबी चढते, अन् ताण आला की कामाचं काही करते. आमच्या ऑफिसची गोष्ट झाली हे तर.

बेन्झीनकडी
रसायनाच्या बाजूने थोडं. लेकॅनोरिक आम्ल म्हणजे ऑर्सेलिनिक आम्लाचे दोन रेणू एस्टर बंधाने जोडलेले. एक ऑर्सेलिनिक आम्ल बनायला पेशीतली कार्बन पुरवणारी छोटी संयुगं लागतात, एक ॲसिटिल-कोए आणि तीन मॅलोनिल-कोए, म्हणजे आठ कार्बन. हा कार्बन आणतं शैवाल. ट्रेबुक्सियासारखं हिरवं शैवाल प्रकाशसंश्लेषणातली साखर रिबिटॉलच्या रूपात बाहेर सोडतं, ट्रेंटेपोहलिया एरिथ्रिटॉल सोडतं, आणि जोडीदार नॉस्टॉकसारखा सायनोबॅक्टेरिया असेल तर ग्लुकोज. बुरशी ते घेऊन लगेच मॅनिटॉल करते. डेव्हिड स्मिथ यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने १९६० च्या दशकात कार्बन-१४ वापरून हे दाखवलं.

शैवाल वेगळं काढून काचेत वाढवलं की थोड्याच काळात ते ही साखर सोडणं जवळपास बंद करतं. म्हणजे एकटेपणात फक्त बुरशीच बदलते असं नाही, दोघंही बदलतात.

शैवाल याहून जास्त काही करतं का, यावर १९८० च्या सुमारास एक कल्पना पुढे आली. ऑर्सेलिनिक आम्लाचा कार्बॉक्सिल गट गेला की ऑर्सिनॉल उरतो आणि मग एस्टर जोडायला जागाच राहत नाही. शैवाल हे डिकार्बॉक्सिलेशन दाबून धरतं आणि म्हणून डेप्साइड बनतं, अशी ती कल्पना. कागदावर फार देखणी.

संशयात्मा
देखणी असली तरी आता ती गरजेची राहिलेली नाही. २०२१ मध्ये स्यूडेव्हर्निया फर्फुरेसियाचं पॉलिकेटाइड सिंथेझचं (अशी संयुगं रचणाऱ्या एन्झाइमचं) जनुक साध्या बेकरी यीस्टमध्ये घातलं आणि यीस्टने लेकॅनोरिक आम्ल बनवलं. शैवाल नाही, शैवाकाची बुरशीही नाही. त्याच वर्षी ॲट्रानोरिनचा जनुकसंच असाच दुसऱ्या एका बुरशीत बसवून चालवून दाखवला. एकाच मोठ्या एन्झाइमवर दोन्ही कड्या बनतात आणि तिथेच जोडल्या जातात. मग शैवालाने काय दाबून धरायचं?

पेट्रीडिश
@संशयात्मा, बरोबर, पण त्यातून 'शैवालाची गरज नाही' एवढंच निघतं आणि तेही यीस्टमध्ये, जिथे जनुक आपण जबरदस्तीने चालू ठेवतो. शैवाकाच्या बुरशीत पॉलिकेटाइड सिंथेझची जनुकं डझनावारी असतात आणि थॅलसमध्ये संयुगं सापडतात दोन-चार. बाकीची जनुकं झोपलेली. कुठलं जागं राहणार हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न, आणि तिथे शैवालाचा हात असू शकतो: साखर कुठली, किती आणि केव्हा.

रंगारीण
@बेन्झीनकडी, तो डिकार्बॉक्सिलेशनचा मुद्दा रंगकामात रोज डोळ्यांसमोर घडतो. टिंक्टोरमचा चुरा काचेच्या बरणीत घ्यायचा, त्यावर एक भाग अमोनिया आणि दोन भाग पाणी, चुरा पूर्ण बुडेल इतकं. बरणी अर्धी रिकामीच ठेवायची. पहिला आठवडा दिवसातून तीन-चार वेळा झाकण उघडून हलवायचं, नंतर रोज एकदा. लेकॅनोरिक तुटून ऑर्सेलिनिक, त्याचं ऑर्सिनॉल, आणि अमोनिया व हवेतला ऑक्सिजन मिळून जांभळं ऑर्सिइन. तीन-चार आठवडे किमान, तीन महिने ठेवलं तर रंग खोल येतो.

तक्रार नेहमी एकच: 'महिना झाला, अजून तपकिरीच आहे.' कारण बरणी काठोकाठ भरलेली, हवाच नाही. दुसरं कारण, चुऱ्यात एव्हर्निॲस्ट्रम जास्त. त्यात लेकॅनोरिक नाही, मग जांभळं कुठून येणार? कातळखुणांची ब्लीच चाचणी आधी करून निवडलं की हा घोळ मिटतो. रेशीम आणि लोकर मॉर्डंटशिवाय (रंग पक्का करणाऱ्या पदार्थाशिवाय) रंगतात, सूत जवळपास नाही. उन्हात फिकट होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

झाडावरून ओरबाडून आणू नका. पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवरचं पुरतं.

तर्रीबाज
बरं, जाणकार मंडळी जमलीच आहे तर विचारून घेतो. हे आम्ल-बिम्ल खाऊन काही होत नाही ना? लिव्हर आधीच सावजीच्या नावावर आहे.

बेन्झीनकडी
लिव्हरचा धोका आहे तो उस्निक आम्लाचा. अमेरिकेत वजन कमी करायच्या गोळ्यांत दिवसाला शेकडो मिलिग्रॅम उस्निक आम्ल पोटात जात होतं, यकृत निकामी होण्याच्या घटना घडल्या आणि २००१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला. टिंक्टोरम आणि परलॅटममध्ये उस्निक आम्ल नसतं. उस्निया आणि रामालिनाच्या पिवळट-हिरव्या धाग्यांत असतं. मसाल्यात दगडफूल चिमूटभरच पडतं, तरी ते धागे निवडून बाजूला काढावेत. ते ओळखायला केओएचवर लगेच ब्लीचचा थेंब द्या, पिवळं आलं की उस्निक.

वासाबद्दल: ॲट्रानोरिन तुटलं की मिथाइल बीटा-ऑर्सिनॉलकार्बॉक्सिलेट मिळतं. परदेशी अत्तरातल्या ओकमॉस या शैवाकाचा ओल्या जंगलासारखा वास मुख्यतः हाच. त्याच तुटण्यातून येणारे ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल त्वचेला ॲलर्जी करतात म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्यावर बंदी आणली.

@बर्डीवाली, यात तुमच्यासाठी एक इशारा आहे. अर्क काढायला गरम मिथेनॉल किंवा इथेनॉल वापरू नका. अल्कोहोल एस्टर बंध तोडतं आणि मिथाइल किंवा इथाइल ऑर्सेलिनेट हाती येतं. मग 'शैवाकात नवीन संयुग सापडलं' असा पेपर तयार होतो. थंड ॲसिटोन, १० मिनिटं, बस.

इतवारीचा_किराणा
घरगुती सल्ला: भाजताना सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, चमचाभर तेलात. धने-खोबऱ्याबरोबर टाकलं की ते होईपर्यंत हे जळून कडू होतं. आणि आधी चाळून घ्या. खडा लागला की आम्हालाच शिव्या.

निवृत्त_मास्तर
बुरशी आणि शैवाल एवढ्यावरच थांबू नका. २०१६ मध्ये ब्रायोरिया या शैवाकात सालीत राहणारा तिसरा जोडीदार, एक यीस्ट, सापडला. ब्रायोरिया फ्रेमोंटी तपकिरी आणि ब्रायोरिया टॉर्ट्युओसा पिवळट, कारण दुसऱ्यात वल्पिनिक आम्ल भरपूर. दोन्हींत मुख्य बुरशी तीच, शैवाल तेच. फरक सापडला तो या यीस्टच्या प्रमाणात. संसारात तिसरा भाडेकरू निघाला.

संशयात्मा
मास्तर, भाडेकरू जिथे जास्त तिथे आम्ल जास्त, एवढंच दिसलं. यीस्ट आम्ल बनवतं की आम्ल असलेल्या ठिकाणी यीस्टला मानवतं, हे त्यातून कळत नाही. कूलर जास्त विकले जातात तेव्हा नागपुरात ऊन जास्त असतं, म्हणून कूलरने ऊन पडतं असं नाही.

निवृत्त_मास्तर
मान्य. कूलरचं उदाहरण मात्र वर्गात वापरणार.

पेट्रीडिश
'सगळं बुरशीच बनवते' हेही तितकंच घाईचं. पेल्टिजेरा या शैवाकात राहणारा नॉस्टॉक स्वतः नोस्पेरिन बनवतो, आणि काही पेल्टिजेरांतल्या नॉस्टॉकमध्ये मायक्रोसिस्टिन हे यकृतविषही सापडलंय. क्लॅडोनिया अन्शियालिसमधून मिळालेलं अन्शियालामायसिन तर त्यात राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं. पण हिरव्या शैवालाच्या शैवाकांतली डेप्साइडं, डेप्सिडोनं, उस्निक आम्ल, ही बुरशीची. यात वाद नको.

बर्डीवाली
सगळं टिपून घेतलंय, पण डोकं भणभणतंय. मग सहा महिन्यांत, इथे, मोजता येण्यासारखं काय?

कातळखुणा
पार्मोट्रेमा विसरा, ते डोंगरातलं. आपल्या मैदानी भागात जुन्या आंब्यांच्या खोडांवर पिक्सिन कोकोस बघा: राखाडी-पांढरं, खोडाला चिकटून वाढणारं, कडेला अरुंद पाकळ्या. अंधार पडल्यावर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारली की लख्ख पिवळं चमकतं. ते लायकेक्झँथोन, सालीत बसलेलं. शेजारीच असणारी डिरिनेरिया तशी चमकत नाही, म्हणून ओळखीत गल्लत होत नाही. शहरातल्या धुराला पिक्सिन बऱ्यापैकी दाद देत नाही. वनखात्याच्या हद्दीत, गोरेवाडा वगैरे, परवानगीशिवाय हात लावू नका. खाजगी आवारातला आंबा बघा, मालकाला विचारून.

आणि सुरुवात जूनमध्येच करा. मे महिन्यात ४५ अंशांत शैवाक वाळून झोपलेला असतो. ना प्रकाशसंश्लेषण, ना साखर, ना संयुग. पावसाळा आणि नंतर हिवाळ्यातली दवाची सकाळ, एवढाच त्याचा कामाचा वेळ.

बेन्झीनकडी
प्रयोगाची रचना अशी सुचवतो. नॉर्वेत सोलहॉग आणि गाउस्ला यांनी झँथोरिया परायटिना या शैवाकावर एक युक्ती वापरली. कोरडा थॅलस ॲसिटोनने धुतला की परायटिन हे त्याचं रंगद्रव्य निघून जातं आणि जीव मात्र जिवंत राहतो. मग तो पुन्हा रंग भरतो का, किती भरतो, हे मोजायचं. त्यांना दिसलं की खूण देते यूव्ही-बी, आणि प्रकाशसंश्लेषणातली साखर मिळाली की निर्मिती वाढते. तुमच्या प्रश्नाची दोन टोकं इथे वेगळी होतात: इशारा एकीकडे, शिधा दुसरीकडे.

तुम्ही पिक्सिनचे तुकडे झाडाच्या सालीसकट उतरवा, धुवा आणि चार गटांत ठेवा. पहिला: सेल्युलोज ॲसिटेटच्या फिल्मखाली, ती यूव्ही-बी जाऊ देते. दुसरा: पॉलिएस्टर फिल्मखाली, ती अडवते. तिसरा: ॲसिटेट आणि वर दाट शेडनेट. चौथा: तिसऱ्यासारखाच, पण १ टक्का रिबिटॉल. शेडनेट यूव्हीसुद्धा कापते, म्हणून तिसऱ्या-चौथ्याची तुलना एकमेकांशीच करा, पहिल्याशी नको. सावलीत साखर देऊन लायकेक्झँथोन परत आलं, तर शैवालाचं काम शिध्याचं. साखर देऊनही आलं नाही, तर मग बोलू.

संशयात्मा
ही रचना आवडली. तीन भोकं दाखवतो. एक, झँथोरिया ॲसिटोन सोसते म्हणून पिक्सिन सोसेलच असं धरू नका. आधी दहा तुकड्यांवर बघा. तुकडे हाडासारखे कोरडे हवेत, सिलिका जेलवर ४८ तास. ओला थॅलस ॲसिटोनमध्ये गेला की मेला. दोन, साखर फवारली की पावसाळ्यात दोन दिवसांत ॲस्परजिलस. फवारू नका. सकाळी तासभर तरंगत ठेवा, टिपा, संध्याकाळपर्यंत वाळलेच पाहिजेत. तीन, मॅनिटॉल स्वस्त म्हणून ते देण्याचा मोह होईल. ते बुरशीचं स्वतःचं साठवण आहे. मधली पायरीच गाळली जाते.

पेट्रीडिश
जिवंत आहेत का हे बघायला डीएमएसओ (हरितद्रव्य विरघळवणारं द्रावक) पद्धत: २० मिलिग्रॅम थॅलस, ५ मिली डीएमएसओ, ६५ अंशांवर ४० मिनिटं अंधारात, मग ४३५ आणि ४१५ नॅनोमीटरला शोषण. गुणोत्तर १.४ च्या आसपास असेल तर हरितद्रव्य ठणठणीत, खाली घसरलं तर ते मोडून फिओफायटिन होतंय. इथेही एक खोच आहे: शैवाकाची आम्लं अर्क काढतानाच हरितद्रव्य तोडतात आणि निरोगी तुकडाही आजारी दिसतो. म्हणून नियंत्रण तुकड्यांचीही आम्लं आधी कॅल्शियम कार्बोनेटने संपृक्त केलेल्या ॲसिटोनने काढून घ्या.

बेन्झीनकडी
टीएलसीसाठी: सिलिका जेल ६० एफ २५४, ठिपके खालच्या कडेपासून १.५ ते २ सेंटिमीटरवर, एकमेकांपासून १ सेंटिमीटर. द्रावक 'ए': टोल्युइन १८०, डायऑक्सेन ४५, ॲसेटिक आम्ल ५. टाकीत गाळणकागद उभा करून १० मिनिटं वाफ भरू द्या. १० सेंटिमीटर चढलं की काढा, वाळवा, २५४ आणि ३६५ खाली बघून पेन्सिलने गोल करा. मग १० टक्के गंधकाम्लाचा फवारा आणि ११० अंशांवर ८-१० मिनिटं. प्रत्येक प्लेटवर ॲट्रानोरिन आणि नॉर्स्टिक्टिक आम्ल नियंत्रण म्हणून हवंच. जुलैत सिलिका हवेतली ओल पिते आणि ठिपके आदल्या आठवड्याच्या जागेवर येत नाहीत. वापरण्याआधी प्लेट ११० अंशांवर १५ मिनिटं ठेवा.

टीएलसी 'आहे की नाही' सांगते, 'किती' सांगत नाही. प्रमाणासाठी एचपीएलसी या मोजणी यंत्रावर वेळ मागून घ्या.

बर्डीवाली
म्हणजे कृती बुरशीकडे आहे, शिधा शैवालाकडून येतो, आणि चूल पेटवतात ऊन-पाऊस. आणि मी मोजायचा तो फक्त शिधा. मार्गदर्शकांना हेच सांगते. तुकडे किती घेऊ?

संशयात्मा
प्रत्येक गटात वीस, वेगवेगळ्या पाच झाडांवरून चार-चार. एकाच झाडाचे वीस घेतले तर तो एकच नमुना वीसदा मोजल्यासारखा होईल. आणि फक्त कडेच्या ३-४ मिलिमीटर पाकळ्या वजनाला घ्या. मधला जुना भाग वेगळाच हिशोब देतो.

तर्रीबाज
चूल, शिधा, फोडणी... तुम्ही लोक संध्याकाळी सातनंतर विज्ञान लिहीत नका जाऊ, भूक लागते.

कातळखुणा
उतरवताना एक लक्षात ठेवा. झाडाची साल पातळ ठेवा, जाड सालीतलं टॅनिन ॲसिटोनमध्ये उतरतं आणि टीएलसीच्या तळाशी तपकिरी शेपूट येतं. आणि तुकड्यांचे क्रमांक चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई पहिल्याच धुण्यात ॲसिटोनमध्ये विरघळते आणि मग ऐंशी तुकडे ताटात नुसते पसरलेले असतात.